पिल्लाला नाव आणि हाक कशी शिकवावी

घरातून बाहेर पडताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो; आणि पिल्लाला बोलावण्यासाठीही बहुतेक मराठी घरांत ‘ये’ हाच शब्द वापरला जातो. शाळेला निघालेली मुले, कामावर निघालेली मोठी माणसे, निरोप घेणारे पाहुणे असे सगळेजण पिल्लाच्या देखत ‘येते हं’, ‘येतो’ म्हणत दाराबाहेर जातात, आणि संध्याकाळी तोच ‘ये’ ऐकून पिल्लाने शेपटी हलवत धावत यावे अशी आपली अपेक्षा असते. ते आले नाही की त्याच्यावर हट्टीपणाचा शिक्का बसतो. वास्तविक त्याच्या कानांवर तो शब्द इतक्या वेळा आणि इतक्या निरनिराळ्या प्रसंगी पडलेला असतो, की त्यातून नेमके काय घ्यायचे हे त्याला कळण्याचा मार्गच उरलेला नसतो.

म्हणून शिकवण्यास बसण्यापूर्वी एक भेद मनाशी पक्का करावा. नाव आणि हाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावाचा अर्थ ‘माझ्याकडे बघ’ एवढाच असतो, तर हाकेचा अर्थ ‘हातातले, तोंडातले सगळे सोडून माझ्यापाशी ये’ असा असतो. आपण बहुधा नाव घेऊनच बोलावतो, नाव घेऊनच रागावतो आणि शेजाऱ्यांशी बोलतानाही ते नाव दहा वेळा उच्चारतो. त्यामुळे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून जातात. हे दोन धडे वेगवेगळे, एकामागून एक दिले तर बहुतेक पिल्ले नाव चार-सहा दिवसांत शिकतात. हाकेला मात्र अनेक महिने द्यावे लागतात.

वय आणि वेळ

कुत्र्याच्या पिल्लाचे कान जन्मानंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी उघडतात. आठ आठवड्यांचे होईपर्यंत ते आईपाशी आणि भावंडांपाशीच असावे. त्याआधी आणलेल्या पिल्लाला चावण्याचा जोर किती ठेवावा हेसुद्धा धड ठाऊक नसते. तिसऱ्या ते सुमारे चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसे, आवाज आणि जागा यांची ओळख होण्याचा सर्वांत महत्त्वाचा काळ असतो, त्यामुळे ‘अजून लहान आहे, मोठे झाल्यावर शिकवू’ हा विचार महागात पडतो. मात्र घरी आणल्याबरोबर पहिल्याच संध्याकाळी सगळ्या कुटुंबाने गोल करून त्याला नावाने हाका मारत बसू नये. एक-दोन दिवस त्याला घराचा वास घेऊ द्यावा, झोपू द्यावे, पाण्याचे भांडे कुठे आहे ते कळू द्यावे.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर किंवा सोसायटीच्या मैदानात जमिनीवर सोडू नये, कारण पार्व्हो या आजाराचा विषाणू मातीत दीर्घकाळ टिकतो आणि लहान पिल्लांच्या जिवावर बेततो. ही अडचण वाटली तरी शिकवण्याच्या दृष्टीने ती सोयीचीच आहे. पहिले सगळे धडे घरातच द्यायचे असतात, आणि घरासारखी शांत जागा बाहेर मिळत नाही.

नाव निवडताना

नाव दोन अक्षरांचे, फार तर तीन अक्षरांचे असावे आणि घरातल्या कोणाच्याही हाकेशी जुळणारे नसावे. घरात ‘सोनू’ असताना कुत्र्याचे नाव ‘मोनू’ ठेवले तर दोघेही गोंधळतात, आणि त्यांतल्या एकाला तक्रारही करता येत नाही. नाव ‘नाही’, ‘नको’, ‘हाड’ या शब्दांच्या जवळ जाणारेही नसावे. मोती, राजा, टिपू, चिंगी ही जुनी नावे टिकली ती काही उगाच नव्हे. ती मोठ्याने म्हटली तरी तोंडात अडकत नाहीत आणि शेवटचा स्वर लांबवता येतो.

नाव ठरले की सगळ्यांनी तेच आणि तसेच म्हणावे. आजी ‘बाळ्या’, मुलगी ‘चिंगुल्या’ आणि वडील ‘ए कुत्र्या’ म्हणत असतील तर पहिल्या महिन्यात तरी हे थांबवावे. लाडाची नावे नंतर कितीही वाढली तरी हरकत नाही. आमच्या घरी ती सात आहेत.

खाऊची तयारी

बक्षीस म्हणून दिला जाणारा खाऊ मऊ, वासाचा आणि हरभऱ्याच्या डाळीएवढा असावा. मीठ-मसाला न घालता उकडलेले चिकन, उकडलेल्या अंड्याचे तुकडे, पचत असेल तर थोडे पनीर आणि वाफवलेली कलेजी (तीही बेतानेच) हे पदार्थ चांगले चालतात. शाकाहारी घरांत उकडलेल्या गाजराचे किंवा रताळ्याचे बारीक तुकडे करता येतात, पण पिल्लाला ते खरेच आवडतात का, हे आधी पाहावे, कारण बक्षीस कशाला म्हणायचे हे पिल्लू ठरवते. ग्लुकोज बिस्किटे आपल्याकडे सर्रास दिली जातात; ती साखर आणि मैद्याची असतात आणि कोरडी असल्याने चावण्यात वेळ जातो, तेवढ्यात धडा कशासाठी होता हेच पिल्लू विसरते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतात. प्रसादाच्या वाटीतला शिरासुद्धा त्यातल्या बेदाण्यांमुळे टाळावा. दिवसभराच्या एकूण आहारात खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नये, आणि जेवणाआधी थोडी भूक असतानाच धडा घ्यावा.

पहिला धडा: नाव

पिल्लू तुमच्यापासून दोन-तीन पावलांवर असावे, दुसरीकडे बघत असावे, पण कशात अगदी गढून गेलेले नसावे. खाऊ मुठीत लपवून हात मागे किंवा मांडीवर स्थिर ठेवावा. मग प्रसन्न, थोड्या उंच आवाजात एकदाच नाव घ्यावे. ते तुमच्याकडे वळले, डोळे वर केले, निदान कान टवकारून मान फिरवली, की त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणावे आणि लगेच खाऊ त्याच्या तोंडापाशी न्यावा. ‘शाब्बास’ हा शब्द येथे केवळ कौतुकासाठी नाही. ज्या क्षणाबद्दल बक्षीस मिळत आहे तो क्षण नेमका दाखवण्यासाठी तो आहे, म्हणून तो मान वळताना उच्चारला जावा, खाऊ देऊन झाल्यावर नव्हे.

येथे क्रमाला फार महत्त्व आहे. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांना 1904 साली पचनक्रियेवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. अन्नाआधी ठरावीक आवाज ऐकवला तर नुसत्या आवाजानेही कुत्र्याला लाळ सुटू लागते, हे त्यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले होते. आधी आवाज आणि नंतर अन्न, हा त्यातला क्रम आपल्याला जसाच्या तसा लागतो. बहुतेक जण नकळत उलटे करतात: आधी खिशात हात घालतात, पिशवी कुरकुरते, पिल्लू बघते आणि मग नाव घेतले जाते. अशा वेळी पिल्लू पिशवीचा आवाज शिकते. तुमचे पिल्लू डब्याचे झाकण वाजताच धावते पण नावाला दाद देत नाही, असे होत असेल तर चूक येथेच आहे.

एका बैठकीत पाच ते आठ वेळा आणि दिवसातून तीन-चार बैठका एवढे पुरे. दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेऊ नये. पिल्लू उत्साहात असतानाच थांबावे. पहिल्या दोन दिवसांत ते वळले नाही तर नाव पुन्हा घेऊ नये. ओठांनी चुटचुट आवाज करावा किंवा एक पाऊल जवळ जावे, ते वळले की बक्षीस द्यावे, आणि पुढच्या खेपेस कमी अंतरावरून नाव घ्यावे. ‘मोती, मोती, मोती, अरे मोती’ असे म्हणत राहिले तर पिल्लू एवढेच शिकते की चौथ्या हाकेपर्यंत थांबले तरी चालते.

चार-सहा दिवसांनी जागा बदलावी. स्वयंपाकघरात, गॅलरीत, दूरदर्शन चालू असताना, कोणी केर काढत असताना नाव घेऊन पाहावे. दहापैकी आठ-नऊ वेळा ते पहिल्या उच्चाराला वळत असेल तर नाव शिकवून झाले असे समजावे. अगदी शांत घरातसुद्धा पिल्लू कोणत्याही आवाजाला वळत नसेल, झोपेत असताना भांडे पडले तरी दचकत नसेल, तर पशुवैद्यांकडून त्याचे कान तपासून घ्यावेत. डाल्मेशियनसारख्या जातींत आणि अंगावर पांढरा रंग बराच असलेल्या काही पिल्लांत जन्मजात बहिरेपणा आढळतो.

हाकेसाठी कोणता शब्द

‘ये’ का टाळावा ते सुरुवातीला सांगितलेच आहे. त्याऐवजी ‘इकडे’ हा शब्द मला बरा वाटतो. ‘भूर्र’, ‘हजर’ असा एखादा अनपेक्षित शब्दही चालतो, कारण तो घरात दिवसभर कोणी उच्चारत नाही. लोक हसतील एवढीच त्यात अडचण.

आवाजाच्या धाटणीचा विचार शब्दाइतकाच करावा. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक पॅट्रिशिया मॅककॉनेल यांनी निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या प्राणी-प्रशिक्षकांचे आवाज तपासले, तेव्हा जनावराला हलवण्यासाठी तुटक, पुन्हापुन्हा येणारे छोटे आवाज आणि थांबवण्यासाठी एकच लांब आवाज असा प्रकार त्यांना भाषांच्या पलीकडे आढळला. आपल्याला हे नवे नाही. गावाकडे कुत्र्याला बोलावणारा माणूस ‘यू यू यू यू’ असे भरभर म्हणतो, आणि बैल थांबवणारा ‘होऽऽ’ लांबवतो. तेव्हा हाकेचा शब्द ‘इकडे-इकडे!’ असा जोडून, चढत्या आनंदी स्वरात म्हणावा आणि तो कायम तसाच ठेवावा. मागे सांगितलेला ‘नाव एकदाच’ हा नियम येथे मोडत नाही. हा जोडशब्द म्हणजे एकच हाक समजावी. दरडावून म्हटलेला ‘इकडे!’ पिल्लाला वेगळाच शब्द वाटतो.

दुसरा धडा: घरातल्या घरात

पहिल्या दिवशी पिल्लू तुमच्या पायांशीच असताना ‘इकडे-इकडे’ म्हणावे आणि लगेच खाऊ द्यावा. त्याला काहीही करायचे नाही. असे दहा-पंधरा वेळा झाले की शब्द कानांवर पडताच ते तुमच्या हाताकडे बघू लागते. आता दोन पावले मागे सरकत शब्द उच्चारावा. माणूस मागे सरकू लागला की पिल्लू आपोआप पुढे येते, आणि समोरून अंगावर चालून येणारा माणूस दिसला की थबकते. म्हणून बोलावताना पुढे वाकू नये, हात पसरून झेपावू नये. थोडे तिरके होऊन उकिडवे बसावे.

पिल्लू आल्यावर खाऊ कुठे द्यायचा, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. हात लांब करून खाऊ दिला तर पिल्लू हाताच्या टोकापर्यंत येते, घास घेते आणि पळते. पुढे मोठे झाल्यावरही ते तेवढ्याच अंतरावर नाचत राहते आणि हाती लागत नाही. खाऊ आपल्या गुडघ्यांना चिकटवून, जमिनीलगत द्यावा. दुसऱ्या हाताची दोन बोटे हलकेच त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याखाली घालावीत, मग खाऊ द्यावा, आणि मग सोडावे. पट्ट्याला हात लागणे म्हणजे खाऊ मिळणे, असे त्याच्या अंगवळणी पडले पाहिजे. सोडल्यावर ‘जा, खेळ’ म्हणून खरोखर जाऊ द्यावे. ही सुटका खाऊइतकीच मोलाची असते.

नंतर घरातले दोघेजण खोलीच्या दोन टोकांना बसून आळीपाळीने बोलावतात, हा सराव मुलांना फार आवडतो. एकाने बोलावताना दुसऱ्याने पूर्ण गप्प राहावे. मग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, मग दाराआड लपून बोलावावे. शोधत आलेल्या पिल्लाला एक तुकडा न देता चार-पाच तुकडे एकामागून एक द्यावेत. त्याला मोजता येत नसले तरी बक्षीस लांबत चालले आहे हे चांगले कळते.

घराबाहेर, लांब दोरीवर

लसीकरण संपल्यावर, साधारण चार महिन्यांच्या सुमारास बाहेरचा सराव सुरू होतो. त्यासाठी आठ-दहा मीटर लांबीची हलकी दोरी घ्यावी आणि ती गळ्यातल्या पट्ट्याला न बांधता छातीवरून जाणाऱ्या हार्नेसच्या पाठीकडच्या कडीला लावावी, कारण पळत सुटलेल्या पिल्लाच्या मानेला हिसका बसता कामा नये. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी येथे उपयोगाची नाही. ती सतत ताणलेली राहते आणि घसरून हातातून सुटली तर तिची मूठ खडखडत पिल्लामागे धावते, आणि पिल्लू घाबरून आणखी पळते. दोरी बोटांभोवती किंवा मनगटाभोवती गुंडाळू नये.

जागा कुंपणाची आणि सुरुवातीला शक्य तितकी रिकामी असावी. इमारतीची गच्ची निवडल्यास कठडा भरीव आणि पुरेसा उंच आहे ना, हे पाहून घ्यावे. बाहेर नवे वास असतात, म्हणून घरात दहा पावलांवरून येणारे पिल्लू येथे तीन पावलांवरूनही येईनासे होते. हे अपेक्षितच आहे. अंतर कमी करून पहिल्या इयत्तेपासून पुन्हा सुरुवात करावी, आणि खाऊ मात्र घरच्यापेक्षा चांगला न्यावा. दोरी ओढून पिल्लाला आणण्यासाठी नसते. ते निसटून रस्त्यावर जाऊ नये, एवढ्यासाठीच ती असते. हाक मारल्यावर ते आले नाही तर दोरीला धरून आपणच शांतपणे जवळ जावे, नाकापुढे खाऊ दाखवून दोन पावले मागे यावे, आणि ते मागे आले की शाबासकी द्यावी.

कारवान किंवा मुधोळ हाउंडसारखी शिकारी जातीची पिल्ले असतील तर त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा ठेवावी. धावणारी वस्तू दिसली की तिच्यामागे लागणे हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून त्यांच्या अंगी उतरले आहे. ससा उठल्यावर ती मागे वळतील या भरवशावर त्यांना उघड्या माळावर मोकळे सोडू नये.

हाक बिघडते कशी

आमची चिंगी रस्त्यावरून आणलेली, अडीच-तीन महिन्यांची गावठी कुत्री होती. ‘इकडे’ हा शब्द ती पंधरा दिवसांत शिकली आणि दोन महिन्यांत विसरली, असे मला वाटत होते. रविवारी सकाळी मी तिला अंगणात बोलावत असे, ती येत असे, आणि मी तिला बादलीपाशी नेऊन आंघोळ घालत असे. एका रविवारी ‘इकडे’ म्हटल्यावर ती दिवाणाखाली शिरली. नंतर बुधवारी म्हटले तरी शिरू लागली. ती काहीही विसरली नव्हती. शब्दाचा नवा अर्थ तिने बरोबर टिपला होता. शेवटी तो शब्द टाकून मला दुसरा घ्यावा लागला आणि सगळे धडे पायांपासून पुन्हा द्यावे लागले.

आंघोळ, नखे कापणे, औषध, साखळी बांधणे यांसाठी पिल्लाला हाक मारू नये; स्वतः जाऊन घेऊन यावे. मैदानातून फक्त घरी निघतानाच हाक मारली तर हाक म्हणजे खेळ संपला, हा हिशेब पिल्लू आठवड्याभरात मांडते. त्यासाठी दहा वेळा बोलावले तर नऊ वेळा खाऊ देऊन पुन्हा खेळायला सोडावे. उशिरा आलेल्या पिल्लाला रागावण्याची चूक फार सामान्य आहे. ते चप्पल कुरतडून, अर्धा तास हुंदडून शेवटी तुमच्यापाशी आले आणि तुम्ही फटका मारलात, तर त्याच्या लेखी फटका येण्याबद्दल बसलेला असतो.

एखादे दिवशी दोरी सुटली आणि पिल्लू दूर गेले तर त्याच्यामागे धावू नये; पाठलाग हा त्याचा आवडता खेळ आहे आणि त्यात ते जिंकणारच. नाव घेऊन लक्ष वेधावे आणि विरुद्ध दिशेला, हसत-ओरडत पळावे, किंवा खाली बसून जमीन खरवडत काहीतरी सापडल्याचे नाटक करावे. लाज वाटते, पण पिल्लू येते.

सहा महिन्यांनंतर

साधारण सहाव्या महिन्यापासून पिल्लू वयात येऊ लागते आणि शिकलेली हाक कानाआड करू लागते. या काळात शब्द वाया घालवू नये. ते नक्की येईल असे वाटेल तेव्हाच बोलावावे, एरवी दोरी धरून जावे. खाऊ प्रत्येक वेळी देण्याची गरज हळूहळू कमी करता येते. कधी खाऊ, कधी चेंडू, कधी पोटाला खाजवणे असे अनियमित बक्षीस मिळत राहिले तर सवय अधिक टिकते. पण ती घाई करू नये, आणि रस्ता, मांजर किंवा दुसरे कुत्रे सोडून आलेल्या पिल्लाला तर रिकाम्या हाताने कधीच परतवू नये.

संकटासाठी एक वेगळी शिट्टी राखून ठेवावी. ती आठवड्यातून दोनदाच वाजवावी, आणि वाजल्यावर एरवी कधी न मिळणारी मूठभर कलेजी द्यावी. दिवाळीतल्या फटाक्यांनी बिथरलेले कुत्रे मात्र कोणत्याच हाकेला ओळखत नाही. त्या दिवसांत शिट्टीवर विसंबू नये, दोरी सोडू नये आणि पट्ट्याच्या बिल्ल्यावर आपला फोन क्रमांक आहे ना, हे तपासून घ्यावे.

शेवटची एक सूचना पिल्लू आल्यापासूनच पाळावी. हाकेचा शब्द म्हटल्यावर लगेच एक हात बाजूला पसरून मांडीवर थोपटावा, दर वेळी तसाच. सरावाने पिल्लू नुसत्या हातालाही येऊ लागते. म्हातारपणी अनेक कुत्र्यांना ऐकू येईनासे होते, पण डोळे बऱ्याचदा टिकतात. चिंगी आता बारा वर्षांची आहे, अंगणाच्या टोकाला तिला शिट्टीही ऐकू येत नाही, आणि मी मांडीवर हात मारताना दिसलो की ती सावकाश उठून येते.